आठ क्विंटलांचा दिवस

थीम पार्कात माणूस मजा करायला जातो, हा पार्कवाल्यांनी जाहिरातींतून पसरवलेला समज आहे. माणूस तिथे तिकीट वसूल करायला जातो. वसुली करता करता वाटेत मजा भेटलीच तर तो तिला नाही म्हणत नाही, एवढंच. हे विधान पुण्यात केलं असतं तर त्यावर परिसंवाद झाला असता आणि अध्यक्षीय समारोपात ते खोडून निघालं असतं. आमच्या मेहकरात ते कुणीही पान लावता लावता मान्य करील, कारण इथे मोठा खर्च रुपयांत मोजत नाहीत. इथलं खरं चलन सोयाबीन. फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला डिस्नेचा एपकॉट नावाचा पार्क आहे. त्याचं एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या बरंच वर जातं, म्हणजे दहा हजार रुपये गेलेच समजा. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. तो बाजारात मिळतोच असं नाही, पण मिळाला असं धरलं तरी एका माणसामागे दोन क्विंटल गेले. आई, वडील, मुलगा आणि सून मिळून आठ क्विंटल. बरा पाऊस झाला तर एका एकरात साधारण एवढंच पिकतं. म्हणजे अख्खा एक एकर पेरून, निंदून, फवारून, सोंगून, मळून सकाळी गेटवरच्या यंत्राला दाखवायचा आणि रात्री फटाके फुटेपर्यंत तो परत मिळवायचा. आता सांगा, या माणसाने मजा करायची कधी?

मेहकर आणि ऑर्लँडो ही जोडी ओढूनताणून जुळवली आहे, असं वाटणाऱ्यांनी मेहकरातली कुठलीही एक गल्ली बघावी. चार घरांमागे एका घरातला मुलगा पुण्यात कॉम्प्युटरवर बसलेला आहे आणि पुण्यात बसलेल्यांतला एखादा पुढे अमेरिकेत जाऊन बसला आहे. नातवंडाच्या निमित्ताने आईवडील तिकडे सहा महिने जातात. नातवंड सांभाळून होतं, थंडीही सोसून होते, मग परतीच्या आधी त्यांना जग दाखवायची जबाबदारी मुलावर येते. एपकॉटमध्ये एका तळ्याभोवती अकरा देश मांडून ठेवलेले असल्यामुळे जग एका दिवसात उरकतं आणि मुलाची एकच रजा जाते. ज्यांची मुलं अजून पुण्यातच आहेत त्यांच्यासाठी खोपोलीजवळ इमॅजिका आहे. ते २०१३ साली उघडलं, आणि २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्ग सुरू होऊन मेहकरला इंटरचेंज मिळाल्यापासून तिकडचा पल्लाही जवळ आला. त्याआधीच्या पिढीला शाळेच्या सहलीत १९८९ चं एस्सेलवर्ल्ड पुरत असे. तेव्हा सहलीची वर्गणी वडील भरायचे आणि तिची वसुली मास्तर करायचे: "एकही पाळणा सोडायचा नाही रे, पैसे भरलेत तुमच्या बापाने!" आजचे काका त्याच संस्कारातून गेलेले. गेटच्या आत पाऊल पडताच त्यांचा भागाकार सुरू होतो.

"किती पाळणे आहेत इथं?"

"बाबा, पाळणे नाही, राइड म्हणतात."

"तेच ते. किती?"

"असतील दहा-बारा."

"म्हणजे एक हजाराला पडला. मंग याच्यात त बसाच लागते."

या 'बसाच लागते'मध्ये माझा सगळा सिद्धांत आला. एसटीत पुलावरून गाडी जाताना जे पुढच्या सीटचा दांडा धरतात, तेच गृहस्थ अंधारात उलटंसुलटं फेकणाऱ्या यंत्रात स्वतःला पट्ट्याने बांधून घेतात. त्यांना हौस नसते. त्या यंत्रात न बसता बाहेर पडणं म्हणजे हजार रुपये जमिनीवर टाकून पुढे जाणं, आणि तेवढी छाती त्यांच्याकडे नसते. एकूण भीतीपेक्षा नुकसान वाईट. राइडवरून उतरल्यावर पिवळ्या पडलेल्या चेहऱ्याने ते जे पहिलं वाक्य बोलतात, त्यात "छान होतं" कधीच नसतं. "आता दहा राह्यले," असं ते म्हणतात.

माझ्या म्हणण्याला सगळ्यात भक्कम पुरावा आमच्याच जिल्ह्यात आहे. शेगाव मेहकरपासून दीड-दोन तासांच्या वाटेवर. तिथे गजानन महाराजांच्या दर्शनाला गर्दीच्या दिवशी कितीही वेळ उभं राहावं लागलं तरी कुणी कुरकुरत नाही. महाप्रसादाच्या रांगेतही तेच. सेवेकरी हात जोडून "माउली, पुढे चला" म्हणतो आणि एरवी बँकेत दोन माणसं पुढे असली तरी व्यवस्थापकाला शोधणारा माणूस माउलीसारखा पुढे चालतो. हाच माणूस पार्कात पाऊण तासाच्या रांगेत उभा राहिला की घड्याळ बघतो, पुढची डोकी मोजतो, राइडचा वेळ चार मिनिटं आणि रांगेचा पंचेचाळीस, असं प्रमाण काढतो आणि ते मागच्या अनोळखी माणसाला ऐकवतो. पाय तेच, ऊनही तेवढंच, आणि शेगावातलं ऊन फ्लोरिडाला ऐकणारं नव्हे. फरक एकच. एकीकडे पावती फाडलेली नाही.

इथे कुणी म्हणेल, तिकडे भक्ती आहे हो, भक्तीची आणि पैशाची बरोबरी करू नका. करत नाही. पण मग तिरुपतीचं काय? तिथे देव आहे, भक्ती आहे आणि तीनशे रुपयांचं विशेष दर्शनाचं तिकीटही आहे. फुकटच्या रांगेतला भाविक गोविंदाचा गजर करत असतो आणि तीनशेच्या रांगेतला आपली रांग फुकटवाल्यांपेक्षा पुढे सरकते की नाही, यावर नजर ठेवून असतो. दर्शन झाल्यावर पहिला सांगतो, "डोळे भरून दिसला." दुसरा सांगतो, "दोन तासांत झालं." आमच्या मेहकरच्या शारंगधर बालाजीपुढे सहसा तासन् तास उभं राहावं लागत नाही, त्यामुळे १८८८ साली सापडलेल्या त्या एवढ्या भव्य, देखण्या मूर्तीबद्दल मेहकरकर फारसं बोलतच नाहीत. न रांग, न तिकीट. वसूल काय करणार आणि सांगणार काय?

शेगावच्याच आनंद सागरचं उदाहरण माझ्याविरुद्ध काढता येईल. तिथे संस्थानने बाग केली, तलाव केला, तलावात कन्याकुमारीच्या विवेकानंद स्मारकाच्या धर्तीवर ध्यानकेंद्र केलं आणि मुलांसाठी छोटी आगगाडी सोडली. तिकीट नाममात्र होतं. मग तिथे लोक आगगाडीसाठी का झुंबड करायचे, हा आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर असं, की तिकीट कमी असलं तरी जीप भाड्याने केलेली असायची. दहा माणसांच्या जीपमध्ये सतरा जण बसून आलेले असायचे आणि जीपचं भाडं वसूल व्हायचं असायचं. वसुलीला तिकीटच लागतं असं नाही. झालेला खर्च पुरतो.

आता गाइडसह राइडकडे येतो, कारण इथे वसुलीचं शास्त्र खरं फुलतं. एपकॉटमध्ये 'लिव्हिंग विथ द लँड' नावाची बोटीची सफर आहे. पार्क १९८२ साली उघडला तेव्हापासून ती या ना त्या नावाने चालू आहे आणि साधारण चौदा मिनिटांची आहे. बोट आधी खोट्या जंगलातून, खोट्या वाळवंटातून, खोट्या अमेरिकी शेतकऱ्याच्या घरासमोरून जाते आणि मग खऱ्या काचघरांत शिरते. तिथे वांगी, टोमॅटो, काकड्या, भोपळे मातीशिवाय वाढवलेले असतात. मुळं हवेत लोंबतात आणि त्यांच्यावर खतपाण्याचा फवारा उडतो. जगभरचे लोक तोंडात बोट घालून बघतात. आमच्या मेहकर तालुक्यातला माणूस मात्र दोन क्विंटल देऊन, सोळा-सतरा तास विमानात बसून, सुट्टीच्या दिवशी, बोटीतून वांगी बघायला आला आहे, हे त्याच्या ध्यानात यायला अर्धं मिनिट लागतं. त्यानंतर बोटीत जे संभाषण चालतं ते डिस्नेने छापून घ्यावं.

"पाह्यलं का? मातीच नाही!"

"मातीच नाही त सातबारा कायचा काढत असतील हे?"

"अन् सातबारा नाही त पीककर्ज?"

हा प्रश्न एपकॉटला इतक्या वर्षांत कुणी विचारला नसेल. काचघराच्या कोपऱ्यात किडी खाणारे मित्रकिडे सोडलेले असतात, असं ध्वनिफितीवरचा आवाज सांगतो. त्यावर बोटीतला आवाज म्हणतो, "औषधाच्या दुकानदारानं हे किडे उधारीवर देल्ले का नगदी?" पुढे नऊ पौंडांचं म्हणून मिरवणारं लिंबू लागतं, म्हणजे आपलं चार किलोचं. एवढं लिंबू दारावर टांगायला घरही मोठं पाहिजे, हे काकू चटकन म्हणून जातात. मिकी माउसच्या डोक्याच्या आकाराचा भोपळा दिसतो. तो साच्यात वाढवलेला असतो हे सुनेने सांगितल्यावर तिला मिळालेली दाद मोजकी असते: "साचा काढला की व्यापारी वजनच पाहीन." कळस चढतो तो टोमॅटोवर. या काचघरातल्या एका टोमॅटोच्या झाडाला वर्षभरात बत्तीस हजारांहून जास्त टोमॅटो लागले, त्यांचं वजन सव्वापाचशे किलोच्या आसपास भरलं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. हा आकडा ऐकून बोटीतले बाकीचे लोक 'ओह' म्हणतात. आमचा माणूस क्षणभर गप्प राहतो आणि मग विचारतो, "मंग भाव काय राह्यला असन?" टोमॅटोचं पीक उदंड आलं की महाराष्ट्रात ते कुठे दिसतं, हे त्याने रस्त्याकडेला बघितलेलं आहे.

यावरून या माणसाला कौतुक म्हणून नाही, असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल. त्याला कौतुक आहे, पण ते फुकट द्यायची त्याची तयारी नाही. दोन क्विंटल मोजल्यावर त्याला बोट थांबवून, उतरून, पानाची मागची बाजू उलटून बघायची असते, बुंध्याशी बोट खुपसून ओल बघायची असते. शेत बघणं म्हणतात ते एवढंच. बोट तर थांबत नाही. पूर्वी या बोटीत जिवंत निवेदक असायचा. २००६ पासून ध्वनिमुद्रित आवाज आहे, आणि ध्वनिमुद्रित आवाजाला खोडता येत नाही, अडवता येत नाही, "तुमचं गाव कोणतं?" असं विचारताही येत नाही. ही आपल्याकडच्या प्रवाशाची मोठीच फसगत. ज्यांना सविस्तर बघायचं त्यांच्यासाठी 'बिहाइंड द सीड्स' नावाची गाइडसह पायी फेरी आहे, पण तिचे पैसे वेगळे. गेटवर एकदा एक एकर दिल्यावर वांग्याजवळ जायला पुन्हा पैसे, हे कुठल्याही शेतकऱ्याच्या बुद्धीला पटणार नाही. तसं ते पटतही नाही. मग बोटीतलाच कुणीतरी गाइड होतो. जास्त करून भावजी.

गाइड या प्राण्याशी आपलं नातं मुळातच अवघड आहे. आपण गाइड करत नाही, दुसऱ्याने केलेल्या गाइडच्या दोन पावलं मागून चालतो. लोणारला हे रोज बघायला मिळतं. मेहकरपासून ते अर्ध्या-पाऊण तासावर. बेसाल्ट खडकात उल्केच्या आघाताने झालेलं ते सरोवर बघायला जगभरातून शास्त्रज्ञ येतात. तिथे कुणीतरी पाच जणांचा गट गाइड ठरवतो आणि मंदिरापर्यंत पोचेस्तोवर त्या गाइडमागे वीस माणसं झालेली असतात. त्यांतली पंधरा अगदी सहज, झाडं बघत बघत, कान तेवढा तिकडे लावून चाललेली असतात. गाइड थांबला की तेही बूट बांधायला थांबतात. गंमत अशी, की या पंधरा जणांनीच गाइडला सगळ्यात जास्त प्रश्न विचारलेले असतात. उल्का केव्हा पडली, याचे दोन आकडे छापील आहेत: बावन्न हजार वर्षं आणि पाच लाख सत्तर हजार वर्षं. गाइडने मोठा आकडा सांगितला की फुकट ऐकणाऱ्यांतून आवाज येतो, "मी त पन्नास हजार वाचलं होतं!" गाइडचे पैसे दिलेले पाच जण गप्प ऐकत असतात, कारण त्यांची वसुली रीतसर चालू असते. न दिलेल्याला मात्र स्वतःची वसुली स्वतःच करावी लागते.

जेवणाचा प्रश्न याहून गहन. एपकॉटच्या तळ्याभोवतीची चक्कर सुमारे दोन किलोमीटरची आहे. मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, इंग्लंड, कॅनडा, असे देश ओळीने लागतात. या क्रमाने निघालं की तळं उजव्या हाताला राहतं. ही बाब काकू पहिल्या पाच मिनिटांत हेरतात आणि त्यांचं मन निवतं. कॅनडाकडून सुरुवात करू म्हणणाऱ्या मुलाला त्या गप्प करतात: "उलटी प्रदक्षिणा नसते घालत." उत्सवाच्या दिवसांत या वाटेवर देशोदेशींच्या टपऱ्या लागतात. हवी ती बशी घ्यावी, दोन घासांत एक देश संपवावा आणि पुढे जावं, अशी कल्पना आहे. बशी सात-आठ डॉलरची. सात-आठ डॉलर म्हणजे सहा-सातशे रुपये, म्हणजे एका घासाला साडेतीनशे. हा हिशेब मांडून होताच घास गिळायला जड जातो.

चव घेणं ही कला आपल्या लोकांना येत नाही, असा आरोप परदेशस्थ मुलं करतात. तो निराधार आहे. मेहकरातल्या कुठल्याही मंगल कार्यालयात जाऊन बघावं. पाणीपुरी, डोसा, चायनीज, पास्ता, पुढे बट्टी-वरण आणि शेवटी जिलेबी, अशी सात-आठ राज्यं आणि दोन-तीन खंड तिथला वऱ्हाडी एका थाळीत, एकावर एक रचून, उभ्याने, हातातली भेटपाकिटं सांभाळत पार करतो. डिस्नेला जे तळ्याभोवती दोन किलोमीटर पसरून करावं लागतं ते तो बारा इंचांत करतो. फरक एवढाच, की तिथे आहेर आधीच देऊन झालेला असल्यामुळे वसुलीला उधाण असतं. एपकॉटमध्ये दर बशीला नव्याने पैसे पडतात, म्हणून तंत्र बदलतं. एक बशी, पाच चमचे. मुलगा म्हणतो, "आई, प्रत्येकाला एक-एक घेऊ ना." आई म्हणते, "आधी हे संपू दे." मग अकरा देशांत एकच प्रश्न अकरा वेळा विचारला जातो: "याच्यात अंडं आहे का?" माळकरी सासूबाईंसाठी तो विचारावाच लागतो. जर्मनी सॉसेजमुळे बाद होतो, जपान माशामुळे, फ्रान्सची मिठाई अंड्यामुळे. जगातले बरेच देश असे तोंडी परीक्षेतच गळतात.

तग धरतो तो मेक्सिको. मक्याची बारकी भाकरी, वर मिरची आणि टोमॅटो, बाजूला घोटलेल्या शेंगा. "हे त आपलंच आहे, फक्त आकार लहान," असा शेरा पडतो. हा शेरा इतिहासाच्या बाजूनेही फारसा चुकीचा नाही. मिरची, टोमॅटो, मका, बटाटा, भुईमूग हे सगळं अमेरिका खंडांतून निघून, त्यांतलं बरंचसं पोर्तुगीजांच्या गलबतांतून, आपल्याकडे आलं. ज्या हिरव्या मिरचीच्या आणि शेंगदाण्याच्या ठेच्याशिवाय मेहकरात भाकरी पुढे सरकत नाही, त्यातला लसूण तेवढा या बाजूचा. म्हणजे आंतरराष्ट्रीय खाणं आपण रोज सकाळी खलबत्त्यात कुटतो आणि ते चाखायला आठ क्विंटल मोजून साता समुद्रापार जातो. चीनची गोष्ट उलट. तिथे गेल्यावर नातू मंचुरियन मागतो. मंचुरियन हा पदार्थ १९७५ साली मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात, कोलकात्याच्या नेल्सन वाँग यांनी जन्माला घातला. तो मेहकरच्या बसस्टँडसमोरच्या हातगाडीवर संध्याकाळी सहानंतर हमखास मिळतो, चीनमध्ये मिळायची खात्री नाही. आणि खरोखरच आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून आलेला पदार्थ बघायचा तर शेगाव स्टेशनवर उतरावं. तिथली कचोरी फाळणीनंतर तिकडच्या पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबाने सुरू केली. ती खाताना कुणी भागाकार करत नाही. दुसरी मागतात.

आता उरलेले आक्षेप. तरुण पिढी असा हिशेब करत नाही, असं सांगितलं जातं. करते, फक्त तिचं चलन वेगळं. एका राइडमागे किती फोटो आणि किती सेकंदांची रील, यावर तिचं तिकीट वसूल होतं. फोटो नीट आला नाही म्हणून तीच राइड दोनदा करणारी मंडळी बघितली की सोयाबीनवाले काका विरक्त वाटू लागतात. श्रीमंतांना हे लागू नाही, असंही म्हणतात. पण रांग टाळायला जादा पैसे भरून वेगळी वाट घेणाऱ्याकडे बघा. ज्याने साधं तिकीट काढलं त्याला एकाची वसुली करायची असते, याला दोनांची. शिवाय रांगेत वेळ न गेल्यामुळे दिवस लवकर संपतो आणि चार वाजता याच्याजवळ वसूल करायला काही उरत नाही. तो अत्यंत कावराबावरा होऊन दुकानांतून फिरतो आणि शेवटी एक टोपी विकत घेतो. राहिली लहान मुलं. ती हिशेब करत नाहीत हे मान्य. ती पार्कात शिरल्यावर पहिलं कारंजं दिसलं की तिथेच बसतात आणि पाण्यात हात घालून खेळतात. त्यांना ओढत पुढे नेणारे आईवडील जे वाक्य बोलतात ते जगातल्या सगळ्या भाषांत एकच असतं: "कारंजं काय बघतोस, ते घराजवळ पण आहे!"

हा मराठी, त्यातही वऱ्हाडी कंजूषपणा आहे, असा शेवटचा ठपका ठेवायला जे टपून बसले असतील त्यांच्यासाठी एक वस्तुस्थिती देतो. एपकॉटच्या त्याच तळ्याभोवती अमेरिकी तरुणांचे घोळके एक खेळ खेळतात. अकरा देश, दर देशाला एक पेला. मेक्सिकोत सुरू केलेली ही परिक्रमा कॅनडाला सुखरूप पोचवून दाखवायची. त्यासाठी एकसारखे टीशर्ट छापून घेतात, त्यावर अकरा देशांची यादी आणि खुणा करायला चौकोन असतात. जपानपर्यंत त्यांच्या पायांना मोरोक्को दिसेनासा होतो, पण चौकोन मोकळा ठेवून कुणी परत फिरत नाही. यादी, खूण, आणि तोंड वाकडं करून शेवटचा घोट. आमच्या काकांनी हे बघितलं तर ते त्यांना वसुलीतले गुरुबंधू म्हणून मिठी मारतील. प्यायल्याबद्दल चार शब्द सुनावतील, ते वेगळं.

तेव्हा ज्यांना यंदा जायचं असेल त्यांनी खुशाल जावं आणि निर्लज्जपणे वसुली करावी, जग तेच करतं आहे. कामाच्या दोन गोष्टी सांगून ठेवतो. खोपोलीच्या इमॅजिकात बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे दशम्या आत नेण्यात जी काही कर्तबगारी दाखवायची ती तिथे दाखवून घ्या. एपकॉटमध्ये तसली संधी नाही, तिथे घरचा डबा न्यायला रीतसर परवानगी आहे. फक्त दारू आणि काचेची भांडी चालत नाहीत. लोणचं बरणीतून काढून प्लॅस्टिकच्या डब्यात भरा.